अंबरच्या मुलखातला थांबा

अदिस अबाबाचा विमानतळ आपल्याकडच्या पुष्कळ लोकांनी पाहिलेला असतो, शहर मात्र फार थोड्यांनी. मुंबईहून आफ्रिकेत कुठंही जायचं, लागोस असो, हरारे असो की लुसाका, इथिओपियन एअरलाइन्सचं तिकीट सोयीचं पडतं आणि बोले विमानतळावर काही तास काढावे लागतात. लोक तिथल्या खुर्च्यांवर पेंगतात, कॉफीची पाकिटं घेतात आणि पुढच्या विमानात जाऊन बसतात. माझी धाकटी बहीण लुसाकाला असते. तिच्याकडे जाताना मी मुद्दाम दुसऱ्या दिवशीचं पुढचं विमान घेतलं आणि ऑनलाइन व्हिसा काढला. ‘एकटी कशाला उतरतेस अनोळखी गावात?’ असं घरी सगळ्यांनीच विचारलं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी ज्या शहरात राहते ते इथिओपियातून आलेल्या माणसानं वसवलेलं आहे.

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, आणि त्याही आधीचं खडकी. 1610 साली खाम नदीच्या काठी मलिक अंबरनं ते वसवायला घेतलं. निजामशाहीचा हा वजीर मूळचा हबशी. 1548 च्या सुमारास तो इथिओपियात जन्मला. हरारच्या बाजूचा असावा, असं बरेच अभ्यासक मानतात. पोरवयातच गुलाम म्हणून विकला गेला. तांबड्या समुद्रापलीकडे मोखा, मग बगदाद आणि तिथून दख्खन असा त्याचा प्रवास झाला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान यानं त्याला विकत घेतलं; हा चंगेजखान स्वतःही हबशीच, आणि एके काळचा गुलाम. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला आणि पुढं त्यानंच बुडती निजामशाही पाव शतक तारून धरली. मुघलांच्या फौजा त्याच्या गनिमी काव्यानं जेरीला आल्या. 1624 च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. जहांगीर बादशहाचा अंबरवर इतका दात होता, की भाल्यावर खोचलेल्या त्याच्या मुंडक्यावर आपण बाण सोडतो आहोत, असं चित्र त्यानं दरबारी चित्रकार अबुल हसनकडून काढवून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. 1626 साली तो म्हातारा होऊन आपल्याच मुलखात वारला आणि खुलताबादेत त्याला दफन केलं.

मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्यानं बांधलेल्या भडकल दरवाजावरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. त्यानं डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, निव्वळ उताराच्या जोरावर, शहरात आणलं. नहर-ए-अंबरीचं पाणी काही ठिकाणी अजून वाहतं, आणि आमच्या नळाला मात्र आठवडा-आठवडा पाणी येत नाही. असा माणूस ज्या मातीतून उचलून नेला गेला, तिच्यावरून विमानानं नुसतं उडून जायचं हे माझ्या मनाला पटेना.

अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,350 मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून तब्बल 700 मीटर उंच. ऑक्टोबरातली सकाळ होती. दारातून बाहेर पडताच गार, कोरडी, पातळ हवा नाकाला झोंबली आणि बॅग गाडीत ठेवेपर्यंत मला धाप लागली. टॅक्सीवाला विशीतला पोरगा होता. ‘हळू चला सिस्टर, इथं सगळ्यांना पहिल्या दिवशी असंच होतं,’ म्हणाला. पाऊस नुकताच सरला होता. रस्त्यांच्या कडेनं, पडक्या भिंतींच्या फटीतून पिवळी रानफुलं अजून तग धरून होती. तिथलं नवं वर्ष 11 सप्टेंबरला लागतं, आणि ही फुलं त्या सणाची.

लॉजवर पोचले तर काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, ‘मॅडम, नाश्ता चार वाजेपर्यंत मिळेल.’ बहिणीनं आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं. तिथले तास दिवस उजाडल्यापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आपले दहा म्हणजे चार. विषुववृत्ताजवळच्या या देशात दिवस बारा महिने जवळजवळ सारखाच उगवतो, त्यामुळे ही मोजणी इतकी सरळ आहे की अर्ध्या दिवसात मला तिची सवय झाली. कॅलेंडरही वेगळं. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच-सहा दिवसांचा तेरावा; साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागं. जगानं आपापली घड्याळं लंडनला जुळवून घेतली. या देशानं मात्र बँकेपासून चर्चपर्यंत स्वतःचं कालमान चालू ठेवलं, याचा मला तिथं उभ्या उभ्या आदर वाटला.

शहर तसं तरुण आहे. सम्राट दुसरा मेनेलिक आधी वरच्या एन्तोतो डोंगरावर राहायचा. 1886 साली सम्राज्ञी तायतूच्या मनात खालचा गरम पाण्याच्या झऱ्यांचा परिसर भरला आणि राजधानी डोंगर उतरून खाली आली. बघता बघता आसपासचं रान सरपणात गेलं, आणि लाकूडफाटा संपला म्हणून राजधानी पुन्हा हलवायची वेळ आली. तेव्हा ऑस्ट्रेलियातून निलगिरीची झाडं आणून लावली. ती झपाट्यानं वाढली आणि राजधानी जागेवर राहिली. लॉजच्या खिडकीतून तो एन्तोतो दिसत होता, वरपासून खालपर्यंत निलगिरीनं भरलेला. त्या उतारावरून बायका अजून सरपणाच्या भल्यामोठ्या मोळ्या पाठीवर घेऊन शहरात येतात. एक बाई मला रस्त्यात दिसली. कमरेत पार वाकलेली, मोळी तिच्या उंचीहून लांब. शेजारून शहराची लाइट रेल डोक्यावरच्या पुलावरून गेली. चिनी कंपन्यांनी बांधलेली ही रेल्वे 2015 पासून धावते आहे. त्या बाईच्या डोंगरापर्यंत ती जात नाही.

राष्ट्रीय संग्रहालय अमिस्त किलो भागात आहे. बाहेरून एखाद्या सरकारी कचेरीसारखी साधी इमारत. वर सम्राट हैले सेलासी यांचं कोरीव लाकडी सिंहासन आहे. ते मी चटकन पाहून घेतलं, कारण मला खालच्या मजल्यावर जायचं होतं. तिथं काचेच्या पेटीत लुसी आहे. 24 नोव्हेंबर 1974 ला अफार प्रदेशात हादर इथं डोनाल्ड जोहान्सन यांना हा सांगाडा सापडला. वय सुमारे 32 लाख वर्षं. त्या रात्री छावणीत बीटल्सचं गाणं वाजत होतं, त्यावरून तिचं नाव लुसी पडलं. इथिओपियन लोक तिला दिंकिनेश म्हणतात. पेटीत आहे तो साचा, खरी हाडं संग्रहालयातच तिजोरीत असतात. तरी मी बराच वेळ तिथून हलले नाही. सांगाड्याचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग मिळालेला आहे. कवटीचे तुकडे, खालचा जबडा, काही बरगड्या, अर्धं कमरेचं हाड, एक मांडीचं हाड. शेजारी तिला उभी करून दाखवली आहे, जेमतेम साडेतीन फूट. गुडघ्याचा सांधा वाकून पाहिला. मांडीचं हाड आत कललेलं असतं, त्यामुळे दोन्ही पावलं शरीराच्या बरोबर खाली पडतात. ती दोन पायांवर चालत होती हे शास्त्रज्ञांनी त्या कलावरून ओळखलं. माझ्या बाजूला शाळेची सहल आली होती. निळ्या स्वेटरमधली एक चिमुरडी पेटीला नाक लावून उभी राहिली आणि स्वतःची उंची लुसीशी ताडून पाहू लागली. दोघी अगदी सारख्या भरल्या. बाईंनी तिला ओढून पुढं नेईपर्यंत ती हलायला तयार नव्हती.

तिथून थोडं वर सिदिस्त किलोच्या चौकात एक उंच दगडी स्तंभ आहे. 19 फेब्रुवारी 1937 ला, इथिओपियन पंचांगाप्रमाणे येकातित महिन्याच्या 12 तारखेला, इटालियन व्हाइसरॉय ग्रात्सियानीवर दोन तरुणांनी हातबॉम्ब फेकले. तो बचावला. मग पुढचे तीन दिवस फॅसिस्टांनी शहरात दिसेल त्याला मारलं, माणसं आत असताना घरं पेटवली. इथिओपियाचा आकडा 30,000 मृतांचा आहे. स्तंभाच्या पायथ्याशी कोरलेल्या पट्ट्यांत सगळं आहे: कोसळलेल्या बायका, मुलं, फावडी घेतलेले सैनिक. युगोस्लाव शिल्पकारांचं हे काम आहे आणि त्यांनी काहीही सौम्य केलेलं नाही. चार वर्षांनी, 5 मे 1941 ला, हैले सेलासी राजधानीत परतले. इटालियनांना या मुलखातून हुसकावण्याच्या मोहिमेत उत्तरेकडे केरेनच्या उभ्या डोंगरांवर मराठा पलटणीचे जवान लढले आणि पडले. सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांत त्या डोंगरांचं नाव तारेनं पोचलं असेल, हा विचार त्या स्तंभापाशी उभी असताना मनातून जाईना.

जेवायला बसले तो वार होता बुधवार. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. उपास म्हणजे मांस, दूध, लोणी, अंडी बंद. मोठे उपास धरले तर सामान्य भाविकाचं जवळजवळ निम्मं वर्ष असं जातं. त्यामुळे शाकाहारी माणसाची या शहरात उपासमार होते ही भीती अगदी निराधार आहे. छोटंसं खाणावळवजा हॉटेल होतं. मी ‘त्सोम’ एवढंच म्हटलं आणि पुढ्यात परातीएवढं ताट आलं: त्यावर इंजेरा अंथरलेली आणि तिच्यावर वेगवेगळ्या भाज्या-आमट्यांचे ढीग. लाल मसुरीचं तिखट मिसिर वोत, पिवळ्या वाटाण्याचं सौम्य किक अलिचा, गोमेनची पालेभाजी, कोबी-गाजर-बटाटा. आणि मधोमध शिरो. चणे किंवा बाकल्याचं पीठ, कांदा, तेल आणि बेर्बेरे मसाला घालून रटरटत शिजवलेलं. पहिला घास घेतला आणि आमच्या मराठवाड्यातलं पिठलंच समोर आल्यासारखं वाटलं, फक्त मिरचीची तऱ्हा निराळी.

इंजेराबद्दल मात्र जरा सांगायला हवं. ती टेफ नावाच्या धान्याची असते. टेफचा दाणा खसखशीएवढा, मुठीतून सांडला तर परत गोळा करता येणार नाही असा. पीठ भिजवून दोन-तीन दिवस आंबवतात, मग मितादवर, म्हणजे रुंद मातीच्या तव्यावर, कडेकडून गोल ओततात आणि झाकण ठेवतात. उलटायची नाही. वरच्या अंगाला हजारो डोळे पडतात आणि त्या डोळ्यांत आमटी शिरते. चव चांगलीच आंबट. पहिल्या दोन घासांना तोंड वाकडं होतं, चौथ्या घासानंतर ती नसेल तर जेवण अळणी लागतं. शेजारच्या टेबलावर एक आई आपल्या मोठ्या मुलींबरोबर जेवत होती. मला एकटीला जेवताना बघून तिला राहवलं नाही. ती उठून आली, माझ्याच ताटातल्या इंजेराचा तुकडा तोडला, त्यात शिरो आणि पालेभाजी घालून नीट गुंडाळी केली आणि सरळ माझ्या तोंडापुढं धरली. याला गुर्शा म्हणतात. घास मोठा असतो, मायेच्या मापानं. नाही म्हणायचं नसतं. माझं तोंड भरलेलं असताना तिनं दुसरा घास तयार केला, कारण एकच घास भरवणं तिथं बरं मानत नाहीत. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला अम्हारिक येत नव्हतं. तिच्या मुली हसत होत्या. मी आयुष्यात पुष्कळ हॉटेलांत एकटीनं जेवले आहे. असं कुणी उठून आलेलं आठवत नाही.

दुपारी पियासात गेले. हे नाव इटालियनांच्या काळातलं. जवळच सेंट जॉर्जचं अष्टकोनी कॅथीड्रल आहे, अद्वाच्या विजयाशी जोडलेलं. 1 मार्च 1896 ला अद्वाच्या रणात मेनेलिकनं इटलीचा सपशेल पराभव केला. सारा आफ्रिका खंड युरोपीय सत्ता वाटून घेत होत्या, त्या काळात हा देश स्वतंत्र राहिला तो त्या दिवसामुळे. तायतू स्वतः मोहिमेवर होती. मेकेलेच्या किल्ल्यात इटालियन अडकले तेव्हा त्यांचं पाणी तोडायची मसलत तिची होती. 2024 साली पियासात अद्वाचं भव्य स्मारक उभं राहिलं. त्याच वर्षी रुंद रस्त्यांसाठी पियासाच्या जुन्या गल्ल्यांचा मोठा भाग पाडला गेला. मोठी फरसबंदी, नवे दिवे, सायकलींचे मार्ग सगळं आलं आहे, चालायला सुख वाटतं. पण मध्येच एखादं लाकडी सज्जाचं जुनं घर अर्धवट उरलेलं दिसतं आणि त्याच्या शेजारी नुसती मोकळी जागा. ज्यांची दुकानं, ज्यांची भाड्याची घरं तिथं पिढ्यान् पिढ्या होती ती माणसं शहराच्या कडेला गेली. विजयाचं स्मारक बांधताना ज्या गल्लीनं तो विजय शंभर वर्षं आठवणीत ठेवला तीच उठवणं मला मान्य नाही, आणि हे मी पाहुणी असूनही लिहिते, कारण आमच्याकडेही जुन्या दरवाजांच्या भोवती हेच चाललं आहे.

पाट्या वाचता येत नव्हत्या तरी मी सारख्या बघत होते. एका वह्या-पुस्तकांच्या दुकानाबाहेर मुलांचा अक्षरतक्ता टांगलेला होता. दुकानदाराला म्हटलं, वाचून दाखवा. तो पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणू लागला: ह, हू, ही, हा, हे, ह्, हो. मग पुढची ओळ, ल पासून. मी पुढच्या ओळी त्याच्याबरोबर म्हणू लागले. व्यंजन तेच राहतं, स्वर बदलला की अक्षराला एखादा पाय फुटतो, नाहीतर अंगाला गाठ येते. आपल्या बारा खड्या, त्यांच्या सात. लॅटिन लिपी गिरवणाऱ्याला हा प्रकार समजावून सांगावा लागतो. बाराखडी घोकलेल्या माणसाला तो आधीच पाठ असतो. मी तो तक्ता विकत घेतला. अंबर लहानपणी उचलला गेला तेव्हा त्याच्या गावात कुठली भाषा बोलत, त्याला अक्षरओळख होती का, हे कुठंच नोंदलेलं नाही. पुढं तो अरबी-फारसीत कारभार करू लागला आणि दख्खनची जमीन मोजून, तिचा कस बघून सारा ठरवायची पद्धत त्यानं घालून दिली.

रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली एक कॉफीवाली बसली होती. समोर हिरवं गवत पसरलेलं, भोवती बुटकी स्टुलं, शेगडीत निखारे, आणि एका बाजूला धुपाचा धूर. तिनं हिरव्या बिया धुतल्या, सपाट तव्यात भाजायला घेतल्या. बिया आधी पिवळ्या पडल्या, मग तांबूस, मग तडतडून काळसर, तेलकट झाल्या. धूर निघत असलेला तो तवा तिनं प्रत्येक गिऱ्हाइकापुढं फिरवला. हातानं धूर आपल्याकडे ओढून वास घ्यायचा. मग उखळात कुटून पूड केली आणि काळ्या मातीच्या जेबेनात, लांब मानेच्या सुरईत, उकळायला ठेवली. कान नसलेल्या इवल्या कपांत हातभर उंचीवरून बारीक धार धरून ओतते, थेंब बाहेर पडत नाही. पहिली फेरी अबोल, दुसरी तोना, तिसरी बरका. त्याच पुडीवर पुन्हा पाणी, त्यामुळे कॉफी उतरत जाते. तिसऱ्या फेरीआधी उठणं बरं दिसत नाही. घाईच्या माणसासाठी ही कॉफी नाहीच.

शेजारच्या स्टुलावर पांढऱ्या दाढीचे, कोट घातलेले आजोबा होते. कॉफीवाली त्यांना ‘गाशे’ म्हणत होती, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं; मीही तेच म्हणू लागले. मी भारतीय हे कळताच त्यांनी विचारलं, ‘केरळच्या का?’ त्यांचे गणिताचे मास्तर केरळचे होते. सम्राटांच्या काळात आणि नंतरही भारतातून शेकडो शिक्षक इथिओपियाच्या शाळांत आले, पार आडगावांपर्यंत. ‘आमचे सर खडू दोन तुकडे करून एक खिशात ठेवायचे,’ गाशे म्हणाले. ‘शाळेत खडू नेहमी कमी. प्रमेय सिद्ध झालं की डस्टर टेबलावर आपटायचे. त्यांच्यामुळे मी पुढं सर्वेक्षण खात्यात लागलो. आम्हा सगळ्यांचं इंग्रजी तुमच्या लोकांचं आहे.’

मग मी त्यांना मलिक अंबर सांगितला. नाव त्यांनी ऐकलं होतं, तपशील ठाऊक नव्हते. ते फार बारीक चौकशी करणारे निघाले. शहर नदीच्या कुठल्या काठाला आहे? नहरीला उतार किती दिला होता? मधे मधे उघडी तोंडं ठेवली होती का? सर्वेक्षकाचे प्रश्न होते ते. कागदावर मी डोंगर, नहर, शहर असं काढून दाखवलं. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेऊन डोंगराचा चढ दुरुस्त केला. थडग्याबद्दल विचारलं. म्हटलं, आहे, खुलताबादला, चांगलं दगडी आहे. ‘कुणी जातं तिथं?’ थोडे लोक जातात, म्हटलं. गाशे बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, ‘इथून त्याला कुणी विकलं असेल, आमच्याच माणसांनी धरून दिला असेल. आम्ही त्याचं काही देणं लागतो. तुम्ही तर त्याचं पाणी प्यायलात.’

दुसरी फेरी आली. तेव्हा त्यांनी खरी गोष्ट काढली. त्यांच्या भाच्याला शिकायला भारतात यायचं होतं. पुणे आणि आमचं शहर, दोन्हीकडे अर्ज केले होते. ‘खोली मिळते का हो सहज? लोक नीट वागवतात का?’

यावर गोड बोलून वेळ मारून नेणं सोपं होतं. माझ्या तोंडात अजून त्या अनोळखी बाईनं भरवलेल्या घासाची चव होती. मी त्यांना खरं ते सांगितलं. आमच्या विद्यापीठात आफ्रिकेतली मुलं पुष्कळ वर्षांपासून येतात. वर्गात बहुधा त्रास होत नाही. बाहेर होतो. रिक्षावाले जास्त पैसे मागतात, पोरं मागून हाका मारतात, आणि खोली रिकामी असूनही ‘गेली’ म्हणून सांगतात. आमच्याच कॉलनीत सुदानच्या दोन मुलांना रात्रीतून सामान हलवावं लागलं, शेजाऱ्यांनी घरमालकावर दबाव आणला म्हणून. त्यांनी काही केलेलं नव्हतं. ज्या शहराची पहिली वीट एका हबशी माणसानं ठेवली, तिथं हबशी पोराला खोली मिळत नाही, ही आमच्या शहराची शरमेची गोष्ट आहे, आणि ती बोलल्याशिवाय अंबरच्या नावाचा अभिमान मिरवायचा मला अधिकार नाही, असं मी त्यांना म्हटलं.

गाशेंना धक्का बसला नाही. त्यांनी कॉफी संपवली. ‘तुमचं घर विद्यापीठापासून किती लांब?’ त्यांनी विचारलं.

आमच्या घराची वरची खोली माझे सासरे गेल्यापासून रिकामी आहे. जिना बाहेरून, मोरी स्वतंत्र, गॅसचा ओटा आहे. विद्यापीठाच्या मागच्या फाटकापर्यंत सायकलनं सहज जाता येतं. हे सगळं मी सांगत गेले तसं ते एकेक गोष्ट वहीत अम्हारिकमध्ये उतरवून घेत होते. तिसरी फेरी आली तोवर आम्ही पाण्याच्या टाकीपर्यंत पोचलो होतो.

‘आणि स्वयंपाक? तुम्ही मांस खात नाही ना?’

‘आमच्या घरात शिजत नाही,’ मी म्हटलं. ‘पण वरचा ओटा त्याचा. त्यावर तो काय शिजवतो, ते मी विचारणार नाही. शिजवल्याचा वास खाली आला म्हणून कुणी तक्रार केली, तर त्याच्याशी मी बोलेन.’

‘बुधवारी आणि शुक्रवारी तो तसाही शिरोच खाईल,’ गाशे म्हणाले. ‘त्याची आई त्याला पीठ बांधून देईल, दोन महिने पुरेल एवढं.’ मग त्यांनी पेन पुन्हा सरसावलं आणि भाडं किती, लाइटबिल त्यात धरलेलं की वेगळं, आणि अनामत रक्कम एकदम द्यायची की दोन हप्त्यांत चालेल, ते विचारलं.